रोज जिथून जातो तिथलीच वस्तू दिसत कशी नाही?

प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे नाशिकला अंबडमधल्या एका कंपनीत सेफ्टी बघतात, रोज सकाळी शॉपफ्लोअरवर, म्हणजे जिथे मशीन चालतात तिथे, राउंड मारतात. बाहेरून आलेल्या ऑडिटरने आल्या आल्या दाखवून दिलं की फायर एक्स्टिंग्विशरच्या, म्हणजे आग विझवायच्या लाल सिलेंडरच्या, पुढ्यात माल ठेवायचं लाकडी पॅलेट लावलंय आणि त्याच्यावर बसलेल्या धुळीवरून ते बरेच दिवस तिथेच असणार. ह्यांनी मात्र रोजच्या चेकलिस्टवर "मार्ग मोकळा" अशी टिक केलेली, आणि ती खोटी नव्हती, त्यांना तो मार्ग खरंच मोकळा आठवत होता. त्याच आठवड्यात गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातली नेहमीची भाजीवाली मावशी सीबीएस बसस्टँडवर समोर आली, हसली, आणि ही कोण ते ह्यांना काही केल्या आठवेना. चष्म्याचा नंबर वाढलाय, विसरायला होतंय, की माझं कामात लक्षच नाही, असं त्यांनी विचारलंय. मुलाच्या बारावीबद्दलही एक ओळ आहे, ती शेवटी घेते.

मी मूळची मानसशास्त्राची, आणि गेली बरीच वर्षं सातपूर, अंबड, सिन्नरकडच्या कंपन्यांत इन्स्पेक्शनवाल्यांना आणि सेफ्टीवाल्यांना "बघायचं कसं" हे शिकवते. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे लोक मला सतत भेटतात आणि बहुतेक सगळे स्वतःलाच दोष देत येतात, म्हणून आधी हे सांगते की तुम्ही लिहिलंय त्यात डोळ्यांचा किंवा आठवणीचा आजार दिसत नाही. नव्या जागीही वस्तू दिसायच्या राहत असतील, कायम एकाच बाजूच्या गोष्टी सुटत असतील, दाराच्या चौकटीला धक्के बसत असतील, किंवा ओळखीची वस्तू हातात असून ती कशाची हेच कळत नसेल तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. पण ओळखीच्या जागेतली ओळखीची वस्तू सुटणं हे धडधाकट मेंदूचं रोजचं काम आहे.

मेंदू आधी जागा ओळखतो आणि मग वस्तू, आणि ह्यातलं पहिलं काम इतकं झटकन होतं की आपल्याला ते झालेलं कळतही नाही. मेरी पॉटर ह्या संशोधिकेने १९७५ च्या सुमारास दाखवलं की चित्रं एकामागून एक भराभर दाखवली, प्रत्येक जेमतेम सेकंदाचा आठवा भाग, तरी "पिकनिकचं चित्र आलं का" असं आधी सांगून ठेवलं असेल तर लोक ते पकडतात. म्हणजे "हे स्वयंपाकघर", "हा रस्ता", "हा शॉपफ्लोअर" एवढं एका नजरेत कळतं, आणि एकदा ते कळलं की तिथे काय काय असणार ह्याची यादी आपोआप तयार होते. त्यानंतर प्रत्येक वस्तू नीट न्याहाळायची गरजच उरत नाही, यादीशी जुळली की काम झालं.

ह्याचा फायदा किती मोठा आहे ते १९७५ मध्ये स्टीफन पामर यांनी मोजलं. लोकांना आधी एक दृश्य दाखवलं, समजा स्वयंपाकघर, आणि मग क्षणभर एका वस्तूचं चित्र चमकवलं. स्वयंपाकघरानंतर पावाची लादी आली तर साधारण ८० टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखली गेली, आणि त्याच दृश्यानंतर न जुळणारी वस्तू आली, उदाहरणार्थ पावासारख्याच आकाराची टपालपेटी, तर बरोबर उत्तरं निम्म्यावर घसरली. अर्विंग बीडरमन यांनी त्याआधीच, १९७२ मध्ये, रस्त्यांचे वगैरे फोटो कापून त्यांचे तुकडे उलटसुलट लावले आणि लोकांना सांगितलं की अमुक जागी काय आहे ते ओळखा. वस्तू तीच, जागाही तीच, फक्त आजूबाजूचं विस्कटलेलं, तरी ओळखायला जड गेलं. पुढे मोशे बार यांनी तर एक धूसर ठिपका घेऊन दाखवलं की तोच बाथरूमच्या चित्रात ठेवला तर केस वाळवायचं मशीन वाटतो आणि वर्कशॉपमध्ये ठेवला तर ड्रिल. आपल्याकडेही हे रोज होतं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ओट्यावरचा गोल आकार कांदा वाटतो आणि तोच पोरांच्या कपाटाखाली दिसला तर चेंडू. डोळ्यात उतरलेलं चित्र जवळजवळ सारखंच असतं, बाकीचं जागा भरून देते.

आता तुमचं पॅलेट. शॉपफ्लोअरवर पॅलेट असणारच, लाल सिलेंडर भिंतीला असणारच, दोन्ही वस्तू यादीत आहेत, दोन्हींना हिरवा सिग्नल मिळाला आणि नजर पुढे गेली. चूक वस्तूंमध्ये नाहीच, चूक त्या दोघांच्या *नात्यात* आहे, एक दुसऱ्याच्या वाटेत उभी आहे. आणि नातं तपासायला मेंदूला वेगळं थांबावं लागतं, ते पहिल्या नजरेत फुकट मिळत नाही. तिथे पॅलेटऐवजी म्हैस बसली असती तर तुम्हाला दिसली असती का? बहुतेक हो, पण तेही वाटतं तितकं सरळ नाही, आणि ह्या मुद्द्यावर संशोधकांमध्ये बरीच वर्षं वाद चाललाय.

१९७८ मध्ये लॉफ्टस आणि मॅकवर्थ यांनी शेतावरच्या चित्रात ट्रॅक्टरच्या जागी ऑक्टोपस काढला आणि लोकांची नजर कुठे जाते ते मोजलं. नजर ऑक्टोपसकडे लवकर गेली, जास्त वेळा गेली, आणि तिथे जास्त वेळ रेंगाळली. त्यावरून सगळ्यांनी धरून चाललं की विचित्र वस्तू नजरेला ओढून घेते. पण १९९९ मध्ये हेंडरसन, वीक्स आणि हॉलिंगवर्थ यांनी जास्त खऱ्यासारखी, गच्च भरलेली चित्रं वापरली तेव्हा हे ओढून घेणं दिसलं नाही. विसंगत वस्तूकडे नजर लवकर वळली नाही, पण एकदा वळल्यावर तिथे रेंगाळली मात्र जास्त. माझा स्वतःचा शॉपफ्लोअरवरचा अनुभव हेंडरसन यांच्या बाजूचा आहे. मोकळ्या जागेत एकटी पडलेली विचित्र वस्तू लगेच कळते, पण आपले शॉपफ्लोअर मोकळे नसतात, तिथे ट्रॉल्या, बिन, केबल, बोर्ड, माणसं असा गजबजाट असतो आणि त्यात कोपऱ्यातली चुकीची वस्तू हाक मारत नाही. ती दिसायला नजर तिथपर्यंत न्यावीच लागते. म्हणून "काही वेगळं असेल तर मला कळेलच" ह्या भरवशावर राउंड मारू नका, हे मी प्रत्येक बॅचला सांगते आणि अगदी कळकळीने सांगते.

आकाराबद्दलची एक गोष्ट सांगते कारण ती ऐकून लोक चकित होतात. २०१७ मध्ये एक्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाथरूमच्या चित्रात दोन टूथब्रश ठेवले, एक नेहमीच्या मापाचा आणि एक अवाढव्य. लोकांना टूथब्रश शोधायला सांगितलं. अवाढव्य ब्रश बऱ्याच जणांना दिसलाच नाही, कारण ते टूथब्रशच्या मापाची वस्तू शोधत होते. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामने तो सोडला नाही, त्याला मापाशी देणंघेणं नव्हतं. माणसाची ही कमतरता वाटते पण त्यामुळेच तो एरवी भराभर शोधू शकतो, चुकीच्या मापाच्या हजार गोष्टी तपासत बसत नाही. शॉपफ्लोअरवर ह्याचा अर्थ असा की गळणारा थेंब शोधणाऱ्याला मोठं थारोळं दिसायचं राहू शकतं. ऐकायला खोटं वाटेल पण मेंटेनन्सवाल्यांना विचारा.

इथपर्यंत दिसण्याचं झालं. आठवणीचं गणित ह्याच्या जवळजवळ उलटं चालतं आणि तुमच्या टिक केलेल्या चेकलिस्टचं कोडं तिथे सुटतं.

१९८१ मध्ये ब्रूअर आणि ट्रेयन्स यांनी ३० जणांना एकेक करून एका विद्यार्थ्याच्या ऑफिसात बसवलं, "जरा थांबा, आलोच" म्हणून. ३५ सेकंदांनी बाहेर आणलं आणि विचारलं की आत काय काय होतं. खुर्ची आणि टेबल २९ जणांना आठवलं. तिथे एक कवटी ठेवलेली होती, ती फक्त ८ जणांनी लिहिली. आणि खोलीत एकही पुस्तक नव्हतं, मुद्दाम ठेवलं नव्हतं, तरी ९ जणांनी लिहिलं की पुस्तकं होती. हे लोक खोटं बोलत नव्हते. ऑफिस म्हटलं की पुस्तकं असतात, आठवताना ती यादी समोर आली आणि "पाहिलं" आणि "असतं" ह्यातली सीमा पुसली गेली. मी ट्रेनिंगमध्ये ह्याचंच साधं रूप करते. हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ लोक यायच्या आधी काढून ठेवते, तासाभराने सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात नेते आणि हॉलमधल्या वस्तू लिहायला लावते. घड्याळ लिहिणारे दरवेळी निघतात, आणि त्यातले काही तर ते कोणत्या भिंतीवर होतं तेही सांगतात. आत नेऊन रिकामी भिंत दाखवली की हॉलमध्ये जी शांतता पसरते ती कुठल्याही स्लाईडपेक्षा जास्त शिकवते.

अलिंडा फ्रीडमन यांचा १९७९ चा प्रयोग मला ह्याहूनही महत्त्वाचा वाटतो. त्यांनी लोकांना चित्रं दाखवली ज्यात काही वस्तू त्या जागेला साजेशा होत्या आणि काही अनपेक्षित. अनपेक्षित वस्तूंवर पहिली नजर साधारण दुप्पट वेळ टिकली. मग चित्रात बदल करून विचारलं, हेच चित्र होतं का? अनपेक्षित वस्तू बदलली तर लोकांना कळलं. साजेशी वस्तू बदलली, म्हणजे एका जातीच्या खुर्चीऐवजी दुसरी ठेवली, किंवा ती सरळ काढूनच टाकली, तर जवळजवळ कुणालाच कळलं नाही. म्हणजे साजेशी वस्तू आपण ओळखतो झटकन, पण साठवतो फक्त "होती" एवढंच, कशी होती ते नाही. आणि ते "होती" सुद्धा कित्येकदा पाहून आलेलं नसतं, जागेवरून आलेलं असतं.

तुमची टिक इथून आली. तुम्ही त्या कोपऱ्याजवळून गेलात, लाल रंग डोळ्याच्या कडेला लागला, जागा ओळखीची, मार्ग तिथे मोकळा *असतो*, आणि राउंड संपल्यावर केबिनमध्ये बसून चेकलिस्ट भरताना तोच मोकळा मार्ग आठवला. जागेवर उभं राहून टिक करणं आणि केबिनमध्ये बसून टिक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात डोळे उत्तर देतात, दुसऱ्यात सवय. माझ्या मते राउंडची चेकलिस्ट जागेवरच भरायची एवढा एक बदल केला तरी अर्धी लढाई जिंकलीत, आणि ह्याला पैसा लागत नाही.

हेच अपघाताच्या चौकशीत फार जिव्हारी लागतं म्हणून थोडं जास्त बोलते. अपघात झाला की शेजारच्या मशीनवरच्याला विचारतात, "त्याने हेल्मेट घातलं होतं ना?" तो सांगतो घातलं होतं. दुसरा सांगतो, मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणूनचं झाकण, लावलेलं होतं. दोघं प्रामाणिक असतात, कुणी कुणाला वाचवत नसतं, पण रोज हेल्मेट असतं आणि रोज गार्ड असतं म्हणून आजही होतं अशी आठवण तयार झालेली असते. मग सीसीटीव्हीत वेगळंच निघालं की त्या बिचाऱ्यावर खोटं बोलल्याचा शिक्का बसतो, आणि मी हे होताना पाहिलंय, फार वाईट वाटतं. त्यामुळे चौकशी करणाऱ्याने वस्तूचं नाव स्वतःच्या तोंडून आधी काढू नये. "काय दिसलं ते सुरुवातीपासून सांग" एवढंच म्हणावं, सांगू द्यावं, मध्ये तोडू नये. नंतर विचारावं की "हे तुला दिसल्याचं आठवतंय की रोज असतं म्हणून वाटतंय?" हा प्रश्न सौम्यपणे विचारला तर लोक थांबतात आणि बऱ्याचदा स्वतःच दुरुस्त करतात. रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं हे विचारलं तर उत्तर सहसा जास्त भरवशाचं येतं, कारण वेगळी गोष्ट नजरेस पडली असेल तर ती पक्की बसलेली असते.

आणि आठवण कमजोर आहे असा गैरसमज करून घेऊ नका हं. लायनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये लोकांना १०,००० चित्रं दाखवली आणि नंतर जोड्या दाखवून यातलं कोणतं पाहिलं होतं विचारलं, लोक ८० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर निघाले. माणसाची चित्रांची आठवण अफाट आहे. ती फक्त जिथे गरज पडलेली नाही तिथे खर्च होत नाही. नोटांचा छापखाना आपल्या नाशिकरोडला, वेरूळला आपण शाळेच्या सहलीला जाऊन आलेलो, तरी नव्या २० च्या नोटेच्या मागे कशाचं चित्र आहे हे विचारा घरात. वेरूळच आहे, पण नोट ओळखायला रंग आणि आकडा पुरतो म्हणून चित्राकडे कुणी बघत नाही. अमेरिकेत निकरसन आणि अॅडम्स यांनी १९७९ मध्ये एक सेंटच्या नाण्यावर हेच करून पाहिलेलं.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजेलिसला झाला. ॲलन कॅसल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच इमारतीत काम करणाऱ्या ५४ जणांना विचारलं की तुमच्या सगळ्यात जवळचं फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहे. फक्त २४ टक्के लोकांना बरोबर सांगता आलं, आणि त्यात वर्षानुवर्षं तिथे बसणारे, रोज त्या लाल सिलेंडरच्या बाजूने ये-जा करणारे लोक होते. मग त्यांना ते शोधायला लावलं आणि नंतर पुन्हा विचारलं तेव्हा बहुतेकांना आठवलं. रोज पाहून जे जमलं नाही ते एकदा *शोधून* जमलं. २०१४ मध्ये ड्राश्कोव्ह, वुल्फ आणि व्हो यांनी हेच नीट मोजलं, की दृश्यात वस्तू शोधायला लावली तर ती "लक्षात ठेवा" असं सांगितलेल्या वस्तूपेक्षाही चांगली आठवते. म्हणून सेफ्टी इंडक्शनला पीपीटीवर नकाशा दाखवू नका. पोरांना म्हणा, जा, तुझ्या मशीनपासून जवळचा सिलेंडर शोध आणि हात लावून ये.

नजर कामाच्या मागे जाते हे आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्यांना दिसतं. गोदावरीला पूर आला की होळकर पुलावर गर्दी होते आणि प्रत्येकाची नजर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, पाणी कमरेला लागलं की छातीला. आठ दिवसांनीही लोक पाणी कुठपर्यंत होतं ते छातीठोक सांगतात. पण त्याच वेळी त्याच चौकटीत घाटावरचं कोणतं मंदिर अर्धं बुडालेलं आणि कोणतं पूर्ण, हे विचारा, सांगता येत नाही, कारण प्रश्न एकच घेऊन बघितलेलं. मायकेल लँड यांनी १९९९ मध्ये चहा करणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली तेव्हा चहाशी संबंध नसलेल्या वस्तूंवर ५ टक्क्यांहूनही कमी नजर पडलेली दिसली. आणि २०१३ मध्ये ड्रू, व्हो आणि वुल्फ यांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना दिलेल्या एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसवलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं, तर २० जणांना ते दिसलं नाही, त्यातल्या बऱ्याच जणांची नजर तर थेट त्याच्यावरून गेलेली. ही आयुष्यभर बघण्याचंच काम करणारी माणसं आहेत. "लक्ष दे" असं ओरडून हे सुटत नाही, ते तर लक्ष देऊनच बसलेले होते, गाठींकडे.

ऑडिटरला का दिसलं ते आता सांगायला नको. त्याला तुमचा शॉपफ्लोअर नवा होता, इथे काय असतं ही यादी त्याच्याकडे नव्हती, आणि तो एक नेमका प्रश्न हातात घेऊन आला होता, "सिलेंडरपर्यंत हात पोचतो का". त्याच्या स्वतःच्या ऑफिसातलं अडवलेलं दार त्यालाही दिसत नसेल.

मग करायचं काय. एका राउंडला एकच प्रश्न ठेवा. सोमवारी फक्त वाटा, मंगळवारी फक्त गार्ड, बुधवारी फक्त केबल आणि पाणी. सगळं एकदम बघायला गेलात की काहीच बघत नाही, फक्त जागा ओळखता. राउंडची दिशा उलटी करा, शेवटच्या टोकापासून सुरू करा, ओळखीचं दृश्य दुसऱ्या बाजूने आलं की यादी जरा अडखळते आणि डोळ्यांना काम लागतं. महिन्यातून एकदा शेजारच्या प्लँटच्या सेफ्टीवाल्याशी अदलाबदल करा. आणि प्रश्न नात्यात विचारा, "सिलेंडर आहे का" असं नको, "सिलेंडर आणि माझ्यामध्ये काय आहे" असा विचारा. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत घाटावरच्या कॅमेऱ्यांसमोर जे बसतील त्यांनाही मी हेच सांगेन, की रामकुंडावर बॅग दिसणं ही बातमी नाही, तिथे हजारो बॅगा असणार, बॅगेजवळ माणूस नसणं ही बातमी आहे, आणि ती शोधायची तर नजर बॅगेवरून माणसाकडे न्यायची सवय हाताला लागावी तशी डोळ्याला लागावी लागते.

पण माणूस बदलण्यापेक्षा जागा बदलणं स्वस्त आणि टिकाऊ असतं हे माझं ठाम मत आहे. सिलेंडरखाली जमिनीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा चौकोन मारा. आता पॅलेट त्या चौकोनात आलं की चौकोन तुटलेला दिसतो, आणि तुटलेला आकार पहिल्या नजरेतच खुपतो, त्यासाठी नात्याचा विचार करत थांबावं लागत नाही. फाईव्ह एस ह्या कारखान्यातल्या टापटिपीच्या पद्धतीतला शॅडो बोर्ड, म्हणजे हत्यारं टांगायचा बोर्ड, ह्याच तत्त्वावर चालतो. पान्यांच्या ढिगात चौदा नंबरचा पाना नाही हे कुणालाही दिसत नाही, कारण *नसणं* डोळ्याला दिसतच नाही, ते आठवणीशी ताडून काढावं लागतं आणि आठवण तर "असतो" म्हणून मोकळी होते. बोर्डवर पान्याची रंगवलेली आकृती असली की रिकामी आकृतीच एक वस्तू होऊन समोर लटकते. बऱ्याच कंपन्यांत हे बोर्ड ऑडिटपुरते लावतात आणि वर्षभराने त्यावर कॅलेंडर टांगतात, तेव्हा जीव तुटतो. आकृत्यांचा रंग अधूनमधून बदलत राहा, कारण ज्याची सवय झाली ते पुन्हा त्या यादीत जातं.

इन्स्पेक्शन लाईनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वुल्फ, होरोविट्झ आणि केनर यांनी २००५ मध्ये बॅगांच्या एक्स-रेसारखी चित्रं देऊन शोधायला लावलं. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असली की ७ टक्के सुटली, आणि १०० मध्ये १ वेळाच असली की ३० टक्के सुटली. माणसं तीच, वस्तू तितक्याच दिसण्याजोग्या, फक्त विरळ. दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ग्रेडिंगला बसणाऱ्या बायकांना हे चांगलं ठाऊक असतं, माल खराब आला की हात आपोआप सावध राहतात आणि अगदी स्वच्छ लॉट आला की त्यातला एखादा तडकलेला मणी निसटतो. म्हणून चांगल्या लॉटमध्ये मुद्दाम खूण केलेले खराब नमुने मिसळा आणि सापडले की लगेच सांगा. पकडायला म्हणून मिसळू नका, डोळ्यांना सराव राहावा म्हणून मिसळा, आणि हे आधी सांगून करा, नाहीतर विश्वास जातो.

भाजीवाली मावशीचं तर अगदी साधं आहे. जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये हाच अनुभव बसमध्ये भेटलेल्या खाटकाच्या उदाहरणावरून मांडला: चेहरा ओळखीचा आहे हे पक्कं कळतं, पण कोण ते कळत नाही, कारण "ओळखीचं आहे" आणि "कुठली" ही दोन कामं वेगळी चालतात. मावशीचा चेहरा तुमच्या डोक्यात एकटा साठवलेलाच नाही, तो घाट, टोपली, ताडपत्री, तराजू, मेथीच्या जुड्या ह्या सगळ्यासकट आहे. सीबीएसवर त्यातलं काहीच नव्हतं. पुढच्या वेळी असं झालं तर नाव आठवायची धडपड करू नका, त्या माणसाला मनातल्या मनात वेगवेगळ्या जागी उभं करून बघा, दवाखान्यात, बँकेत, बाजारात. बरोबर जागा आली की बाकीचं बहुतेकदा मागोमाग येतं.

आता मुलाचं. घरी पाठ असतं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये आठवत नाही, तर सेंटरवरच जाऊन अभ्यास करावा का, असं विचारलंय. १९७५ चा गॉडन आणि बॅडली यांचा पाणबुड्यांवरचा प्रयोग लोक नेहमी सांगतात, की पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. पण २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक मिळाला नाही, आणि एकूणच जागेचा हा परिणाम असला तरी माफक असतो, त्यामुळे सेंटरच्या बाहेर चटई टाकायची गरज नाही. स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्योर्क यांनी १९७८ मध्ये एक जास्त उपयोगी गोष्ट दाखवली, तीच यादी एकाच खोलीत दोनदा वाचण्यापेक्षा दोन वेगळ्या खोल्यांत एकेकदा वाचली तर तिसऱ्याच जागी जास्त आठवते. तेव्हा एक धडा घरी, तोच परत वाचनालयात, जमलं तर मित्राकडे. आणि पेपरमध्ये अडलं की डोळे मिटून तो जिथे बसून वाचत होता ती जागा समोर आणायची, टेबल, खिडकी, पानाची डावी की उजवी बाजू, घाई न करता, आणि तरीही नाही आलं तर पुढचा प्रश्न घ्यायचा.